नागापुरातलं गोल्फ आणि लेझरची दुर्बीण

कारखान्यात दोन गोष्टी न सांगता साठत जातात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार उचलायला निदान महिन्याला टेम्पो येतो, किस्से मात्र कोणी उचलत नाही! मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तरी जुनी मंडळी कुठे लग्नाकार्यात भेटली, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "साळवे, ते दुर्बिणीचं सांगा की!"

तर साळवे म्हणजे मी. नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला, पंपाच्या बॉड्या ओतणाऱ्या एका कारखान्यात परचेस बघायचो. कारखान्याला टाचणीपासून क्रेनपर्यंत जे लागेल ते विकत आणायचं, हे माझं काम. मालक गुंजाळसाहेब. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, डिप्लोमा केलेला, एका लेथवर सुरुवात करून दीडशे माणसांचा कारखाना उभा केलेला. शिव्या भरपूर द्यायचा, पण पगाराची तारीख कधी चुकवली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अचानक तुटलं. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. भट्टी एक दिवसाआड पेटायला लागली. माणसं कामावर यायची, मशिन पुसायची आणि परत जायची. अशात एका जपानी कंपनीनं पत्र पाठवलं, की आमचे निशिदासाहेब तुमचा कारखाना बघायला येतील. पसंत पडला तर काम देऊ.

दुर्बिणीची गोष्ट इथून सुरू होते.

*

निशिदासाहेबांकडून आधी एक फॅक्स आला. त्यात बरेच प्रश्न होते. विमानतळ कारखान्यापासून किती लांब आहे? पाणी उकळून मिळेल का? शाकाहारी जेवण असतं का? आणि सगळ्यात खाली, जवळपास गोल्फ कोर्स आहे का?

साहेब घाईत होते. म्हणाले, "सगळ्याला 'यस' लिहा आणि पाठवा."

मी म्हटलं, "साहेब, पहिला प्रश्न 'किती लांब' असा आहे."

"मग तिथं 'जवळ' लिहा!"

फॅक्स गेला. दुसऱ्या दिवशी उलट फॅक्स. गोल्फ कोर्स आहे हे वाचून निशिदासाहेबांना फार आनंद झाला होता. प्रत्येक होलचं, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याचं, अंतर किती, एवढंच त्यांना हवं होतं.

आता आली पंचाईत. साहेबांनी पुण्याला कुणाच्या तरी ओळखीनं चार-सहा वेळा गोल्फ खेळलेलं, तेवढंच भांडवल. ते खिडकीपाशी गेले. कारखान्यामागं आमची वाढीसाठी घेतलेली अकरा एकर जागा मोकळी पडली होती. तिथं बाभळी आणि कुसळं. साहेबांनी बोटानं हवेत मोजलं आणि म्हणाले, "तीन होल बसतील. लिहा, साडेतीनशे यार्ड, चारशे यार्ड, साडेचारशे यार्ड."

फॅक्स गेल्यावर आमचे क्वालिटीचे देशपांडे प्लॉटचा नकाशा घेऊन आले. देशपांडे म्हणजे पट्टी न लावता स्वतःच्या मुलाची उंचीसुद्धा न सांगणारा माणूस.

म्हणाले, "साहेब, तुम्ही दिलेल्या अंतरानं तिसरं होल शेजारच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये येतंय."

*

साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की हल्ली परदेशात गोल्फवाले लेझरची दुर्बीण वापरतात. दुर्बिणीसारखंच यंत्र, डोळ्याला लावायचं, लांबच्या झेंड्यावर धरायचं आणि बटण दाबायचं. झेंडा किती यार्डांवर आहे तो आकडा आत दिसतो. म्हणजे चेंडू किती जोरात मारायचा ते कळतं.

"साळवे, पाहुण्यापुढं आपण अडाणी दिसता कामा नये. ही दुर्बीण पाहिजे. चांगली बघून घ्या."

मी आयुष्यात गोल्फचा चेंडूही बघितलेला नव्हता. सुरुवात गावातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानाला फोन लावून केली. लाइनमध्ये नेहमीसारखी खरखर.

"लेझर आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना! किती जोड्या पाहिजेत?"

मला बरं वाटलं. म्हटलं, नगर काही मागं नाही. "एकच पुरे. साहेबांसाठी पाहिजे."

मग दुकानदार काळजीनं म्हणाला, "साहेब एकटेच खेळणार का? लेझिमीला निदान सोळा माणसं तरी लागतात हो!"

*

आमच्या परचेसचा एक नियम होता. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. हा नियम साहेबांनीच केलेला, त्यामुळं त्यांनासुद्धा मोडता येत नव्हता.

मुंबईहून दोन कोटेशनं आली. तिसरं काही मिळेना. त्या काळी असल्या वस्तू विकणारे होतेच किती! शेवटी मी आमच्या नेहमीच्या हार्डवेअरवाल्याकडून 'अंतर मोजण्याचे साधन' असं लिहून तीस मीटरच्या टेपचं कोटेशन घेतलं आणि तिन्हींचा तक्ता करून तपासणीसाठी देशपांड्यांकडे पाठवला.

संध्याकाळी तक्ता परत आला. देशपांड्यांनी टेपवर खूण केली होती. खाली स्वच्छ अक्षरात शेरा: 'दोन्ही लेझर यंत्रांची अचूकता एक यार्ड. टेपची अचूकता एक मिलिमीटर. टेप सर्व बाबतींत सरस. शिवाय बॅटरी लागत नाही.'

साहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. मी खाली बघत उभा. देशपांडे मात्र ताठ.

"देशपांडे, शेरा एकदम बरोबर आहे. आता फक्त एवढं सांगा, मी खेळत असताना टेपचं दुसरं टोक धरून झेंड्याकडे पळायचं कुणी? तुम्ही का साळवे?"

देशपांड्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "साहेब, माल पोचवून घेणं हे परचेसचं काम आहे."

*

शेवटी मुंबईच्या एका कंपनीचा सेल्समन दोन दुर्बिणी घेऊन स्वतः आला. एक काळीभोर, देखणी, हातात मावणारी. दुसरी करडी, ओबडधोबड आणि अर्ध्या विटेएवढी जड.

तोवर मागच्या जागेत तीन होल तयार झाली होती. गवत उगवायला पाणी कुठलं! वाळूत जळकं ऑइल कालवून तीन गोल थापले, त्यात एकेक खड्डा आणि खड्ड्यात झेंडा. साहेबांनी आधी काळी दुर्बीण घेतली आणि पहिल्या झेंड्यावर धरली.

"शहाण्णव!"

सेल्समन म्हणाला, "बघा सर, एकदम अचूक!"

साहेबांनी त्या मानानं लोखंडी काठी निवडली आणि फटका मारला. चेंडू झेंड्याच्या फार अलीकडे, निम्म्या वाटेच्या जरा पुढं पडला. पुन्हा बघितलं, तर आता एकशे चार. तिसऱ्यांदा बघितलं, तर एकशे दहा! झेंडा हळूहळू लांब चालला होता.

सेल्समनला घाम फुटला. तेवढ्यात आमचे वॉचमन दगडूनाना पुढं आले. नाना मूळचे काष्टीचे. धोतर, टोपी आणि वर कंपनीनं दिलेला खाकी शर्ट.

"साहेब, दुर्बिनीचं काय चुकलं न्हाई. तुमी झेंडा बघताय, ती माझी शेळी बघतीय. आन् शेळी चरत चरत पुढं चाललीय."

झेंड्याची काठी बोटभर जाड. यंत्राचा किरण काठीवर न बसता वाटेतल्या शेळीवर बसत होता. सेल्समन घाईघाईनं म्हणाला, "सर, टार्गेट मोठं असलं की आपलं मॉडेल कधीच चुकत नाही!"

साहेब म्हणाले, "पाहुणे आले की झेंड्याच्या जागी शेळीच बांधू मग."

*

दोन्ही यंत्रं आठवडाभर ठेवून घेतली. साहेबांचा जीव काळीवर जडलेला. पण त्यांना चष्मा होता आणि चष्मा लावून काळीत आकडा दिसत नसे. चष्मा काढला तर आकडा दिसे, पण झेंडा दिसत नसे.

एका रविवारी ते दोन्ही घेऊन घराच्या गच्चीवर चढले. मीही होतो, आकडे लिहून घ्यायला. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कपडे वाळत घालत होत्या. बराच वेळ त्यांनी हा प्रकार बघितला आणि शेवटी राहवलं नाही.

"अहो, ह्यानं अंतर मोजलं की चेंडू बरोबर तिथं जाऊन पडतो का?"

"नाही गं. चेंडू आपणच मारायचा. हे फक्त सांगतं, किती लांब मारायचा ते."

"आणि तुमचा चेंडू किती लांब जातो?"

साहेब दुर्बिणीची काच पुसायला लागले. मग म्हणाले, "ते काही सांगता येत नाही."

वहिनींनी शेवटचा चिमटा लावला. "मग ते मोजणारं काहीतरी आणा आधी!"

*

निवड शेवटी देशपांड्यांनीच केली. सोमवारी सकाळी ते दोन्ही यंत्रं घेऊन मैदानात गेले. एका जागी स्टुलावर बसले आणि झेंड्यामागं लावलेल्या पत्र्यावर प्रत्येकी वीस वेळा नेम धरला. प्रत्येक आकडा लिहिला. मग टेप लावून खरं अंतर मोजलं.

अहवाल घेऊन केबिनमध्ये आले. "साहेब, काळं यंत्र वीसपैकी अकरा वेळा बरोबर सांगतं. बाकी नऊ वेळा मनाला येईल ते."

"आणि करडं?"

"करडं एकदाही बरोबर सांगत नाही."

साहेब खूश झाले. काळीकडे हात गेलासुद्धा!

"थांबा साहेब. करडं वीसच्या वीस वेळा एक यार्ड जास्त दाखवतं. न चुकता! काळं कधी चुकेल ते कळत नाही. करड्यातून मात्र डोळे मिटून एक वजा करायचा. चुकणारा चालतो साहेब, पण रोज तेवढंच चुकणारा पाहिजे."

साहेबांनी काळीकडे गेलेला हात मागं घेतला.

"म्हणूनच तुम्हाला इतकी वर्षं ठेवलंय!"

अशा रीतीनं करडी दुर्बीण कारखान्यात आली.

*

दगडूनानांना मात्र ही दुर्बीण मंजूर नव्हती. म्हणाले, "ह्यात काय एवढं? ह्ये मला डोळ्यानं दिसतंय की. म्या बारा वर्सं ज्वारीवर गोफण मारलीय. पाखरू कुठं बसलंय ह्ये कळल्याबिगर धोंडा सुटत न्हाई."

साहेबांनी दुसऱ्या झेंड्याकडे बोट केलं. "सांगा मग, किती?"

नानांनी डोळे बारीक केले. "एकशे सदुसष्ट पावलं. माझी."

देशपांड्यांनी आधी नानांचं पाऊल मोजलं, अडीच फूट. मग तीन फुटांचा एक यार्ड धरून गुणाकार-भागाकार केला. नाना, एकशे एकोणचाळीस यार्ड आणि वर अर्धा फूट. दुर्बीण, एकशे चाळीस. टेप लावली, एकशे एकोणचाळीस!

मैदानात एकच हशा. साहेबांनी कपाळाला हात लावला.

त्या काळी आमच्या एमआयडीसीला आयएसओचा ताप चढला होता. मोजायचं कुठलंही साधन असो, त्यावर एक पिवळं स्टिकर पाहिजे. कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं, या दोन तारखा त्यावर. देशपांडे या बाबतीत फार कडक. त्यांनी शांतपणे खिशातून स्टिकर काढलं, दोन्ही तारखा लिहिल्या आणि नानांच्या खाकी शर्टाच्या खिशावर चिकटवलं.

नानांना वाचता यायचं. त्यांनी मान वाकडी करून ते वाचलं आणि गंभीर झाले.

"देशपांडेसाहेब, ही पहिली तारीख आजची हाय, ती कळली. पर ह्या दुसऱ्या तारखेला माझं काय हुनार हाय?"

*

पाहुणे यायला पंधरा दिवस राहिले, तेव्हा साहेब फार अस्वस्थ झाले. रात्री झोप नाही, जेवण नाही. वहिनींनी बळंच दोन दिवस भंडारदऱ्याला चला म्हणून सांगितलं. कागदपत्रं सोबत, म्हणून मीही गेलो. साहेबांच्या गळ्यात दुर्बीण होतीच.

अकोले गावाहून पुढं भाड्याची जीप केली. ड्रायव्हर तिकडचाच, डोंगरातला. जेवायची सोय त्याच्या मावशीकडे होती आणि मावशीचं गाव समोरच्या कड्यावर. मध्ये खोल दरी. घरांवरचा धूरसुद्धा दिसत होता.

साहेबांनी दुर्बीण लावली. "तीनशे ऐंशी यार्ड! एक वजा, तीनशे एकोणऐंशी. हे काय, इथंच तर आहे. पाच मिनिटांत पोचू."

ड्रायव्हर म्हणाला, "दोन तास लागतील साहेब."

"दोन तास? मशीन सांगतंय चारशे यार्डसुद्धा नाही!"

"व्हय साहेब. पर आमाला खाली उतरून, वढ्याला वळसा घालून, पल्याडच्या घाटानं चढावं लागतंय."

"अरे, हे जपानी बनावटीचं यंत्र आहे. ते खोटं कसं बोलेल?"

ड्रायव्हरनं जीपला किल्ली लावली. "मंग मशीनला म्हनावं, तू हो पुढं. मावशीला सांग जेवान वाढून ठेव. आमी येतो मागनं!"

त्या दिवशी साहेब महिन्याभरात पहिल्यांदा हसले. दोन तास दहा मिनिटं लागली. बाजरीची भाकरी आणि उडदाचं पिठलं खाऊन साहेब मावशीच्या ओसरीवरच झोपले ते चार वाजता उठले.

*

आणि मग निशिदासाहेब आले.

साठीचा माणूस, बारीक, हसरा, बोलणं कमी. इंग्रजी मोजकंच, पण स्पष्ट. साहेबांना ते 'गुंजाळ-सान' म्हणायचे, 'सान' म्हणजे त्यांच्याकडचं 'साहेब'. गेटवर हार झाले, नारळ झाला. साहेबांनी आधी मागच्या मैदानाकडे न्यायचा घाट घातला. झेंडे फडफडत होते. साहेबांनी स्वतःच्या हातानं करडी दुर्बीण पाहुण्यांच्या गळ्यात घातली. "आपण खेळताना वापरा," म्हणाले.

निशिदासाहेबांनी कमरेत वाकून आभार मानले. मग म्हणाले, "गोल्फ उद्या. आज कारखाना."

मैदान महिनाभर सजवलं होतं. कारखाना मात्र होता तसाच होता. जसं काम वाढलं तशी शेड वाढली, जिथं जागा मिळाली तिथं. भट्टी एका टोकाला, मशिन शॉप दुसऱ्या टोकाला, तपासणी ऑफिसमागं, रंगकाम परत भट्टीजवळ आणि पॅकिंग गेटपाशी.

निशिदासाहेबांनी भट्टीतून निघालेली पंपाची एक बॉडी निवडली. तिच्यावर खडूनं गोल केला आणि दिवसभर तिच्यामागं चालत राहिले. कुणाला काही विचारलं नाही. बॉडी कुणी उचलून पुन्हा कुठं खाली ठेवली, की खिशातल्या वहीत एक रेघ मारायची. आणि एका शेडमधून दुसऱ्या शेडकडे निघाली, की गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावायची, समोरच्या दारावर धरायची, बटण दाबायचं आणि आकडा लिहायचा.

आम्ही तिघं मागं मागं. कामगार मशिनवरून मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतायत. दीडशे घरांची चूल त्या वहीत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. देशपांड्यांना दुर्बिणीचा एक यार्ड वजा करायला सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. काम आम्हाला मिळालं. सहा महिन्यांत चार भिंती पडल्या, दोन शेड हलल्या, आणि भट्टी पुन्हा रोज पेटायला लागली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पाच वाजता केबिनमध्ये बसलो. चहा गार होत होता. निशिदासाहेबांनी वही उघडली आणि एकेक आकडा वाचला. "भट्टी ते मशिन शॉप, एकशे ऐंशी यार्ड. मशिन शॉप ते तपासणी, पंच्याण्णव. तपासणी ते रंग, एकशे चाळीस. रंग ते पॅकिंग, एकशे पंधरा. एकूण पाचशे तीस यार्ड." मग वर बघून अगदी मऊ आवाजात विचारलं, "गुंजाळ-सान, एका बॉडीला एवढं का चालवता?"

मी साहेबांकडे बघितलं. ते वहीतल्या आकड्यांकडे बघत होते.

आता गोल्फमधलं एक सांगतो. प्रत्येक होल किती फटक्यांत संपवावं याचा आकडा ठरलेला असतो. पाचशे यार्डांच्या वरचं लांबलचक होल असलं, की चांगल्या खेळाडूनं पाच फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा. त्याला म्हणतात पार फाइव्ह.

साहेबांनी टाय सारखा केला आणि म्हणाले, "सर, पाचशे तीस यार्ड म्हणजे... पार फाइव्ह!"

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं सगळं!

निशिदासाहेब हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, वहीचं पान उलटलं, त्यावरच्या रेघा बोटानं एकेक करून मोजल्या आणि वही साहेबांच्या पुढं सरकवली.

"बरोबर. पार फाइव्ह. पण गुंजाळ-सान, तुम्ही नऊ फटके घेतलेत."